तुटलं तिथून पुढे

बातमीत 'मी' नसतो, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच शिकवलं गेलं. मी ते नोकरीभर पाळलं. या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा पहिला मसुदा असा उतरला की त्यात माणूसच सापडेना. संपादकांनी तो परत पाठवला आणि वर पेन्सिलीने लिहिलं, 'हे सगळं केलं कोणी?' हा दुसरा मसुदा आहे.

नोकरी नांदेडहून निघणाऱ्या एका दैनिकाच्या वसमत कार्यालयात. कार्यालय म्हणजे बसस्थानकाजवळच्या खत-बियाण्याच्या दुकानावरची खोली. टेबल, पंखा, टेलिफोन आणि जुन्या अंकांच्या फायली. गावोगावचे वार्ताहर हाताने लिहिलेल्या बातम्या लिफाफ्यात घालून एसटीच्या कंडक्टरकडे देत. कुरुंद्याचा लिफाफा सकाळी यायचा, आखाडा बाळापूरचा दुपारी. मी त्या तपासायच्या, कमी करायच्या आणि नांदेडला पाठवायच्या. कमी करणं हे मुख्य काम. वार्ताहर दीड पान लिहितो, जागा तीन ओळींची असते. छापून आलेल्या बातमीवर त्याचं नाव नसतं, आणि कार्यालयातून जे जातं ते 'वसमत डेस्क' या नावाने जातं. डेस्कवर मी एकटाच होतो. वाचकाला ते कळायचं काही कारण नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कार्यालयात संगणक आला आणि त्याच्यासोबत मोडेम. संगणकातला मजकूर आवाजात बदलून टेलिफोनच्या तारेवरून पाठवायचा, पलीकडच्या मोडेमने तो आवाज ऐकून पुन्हा मजकूर करायचा, असं ते यंत्र. तार चांगली असेल तर ते उत्तम चालतं. वसमतची तार पावसाळ्यात खरखरायची आणि उन्हाळ्यात वाऱ्याने दुसऱ्या तारेला लागायची. पानाचा मजकूर शेवटाकडे आलेला असताना लाइन तुटे आणि सगळं पहिल्यापासून पाठवावं लागे. पुन्हा तुटे. नांदेडचे वृत्तसंपादक दुसऱ्या फोनवरून विचारत, "काय झालं, झोपलात का?"

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. नांदेडला सायंकाळच्या वर्गात सी ही भाषा शिकलो होतो, तेवढ्या आधारावर एक छोटा प्रोग्राम लिहिला. कल्पना हळदीच्या बाजारातली आहे. शंभर पोती एकदम डोक्यावर कोणी घेत नाही. एकेक पोतं उतरवायचं, पलीकडून पोच घ्यायची, मग दुसरं. मध्येच गाडी मोडली तर शेवटची पोच पाहायची आणि तिच्या पुढच्या पोत्यापासून सुरुवात करायची. प्रोग्राम मजकुराचे तुकडे करी, प्रत्येक तुकड्याची पोच घेई, आणि आपण कुठवर आलो याची खूण स्वतःजवळ लिहून ठेवी. लाइन तुटली की पुन्हा जोडून त्या खुणेपासून पुढे. त्याला नाव दिलं 'पुढे'.

पान वेळेवर जाऊ लागलं. वृत्तसंपादकांचा फोन बंद झाला. कौतुक म्हणून आमच्या धंद्यात एवढंच मिळतं.

त्या काळी इंग्रजी संगणक मासिकांसोबत एक सीडी यायची. तिच्यावरच्या कित्येक प्रोग्रामांचं आतलं लिखाण उघडं ठेवलेलं असे. कोणीही घ्यावं, वाचावं, बदलावं, पुढे द्यावं; बदललेलंही असंच उघडं ठेवावं, एवढी अट. मी 'पुढे' ज्या साधनांनी लिहिला तीही अशीच फुकट मिळालेली होती. तेव्हा 'पुढे' उघडा करून परदेशातल्या एका विद्यापीठाच्या इंटरनेटवरच्या सार्वजनिक जागेवर ठेवला. ठेवायलाही 'पुढे'च वापरावा लागला. लाइन मध्येच तुटली होती.

माझ्या पत्नीने, शीलाने, त्या वेळी सरळ विचारलं, "पैसे येत न्हाईत, नाव येत न्हाई. मग काहून करून राहिले?"

"आपलं काम झालं. दुसऱ्याचंही होईल."

"दुसरा कोन?"

"माहीत नाही."

ती म्हणाली, "पेपरातबी तुमचं नाव न्हाई, अन् इथंबी न्हाई. तुमाला सवयच लागली."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

बाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. असा प्रोग्राम सामान्य माणूस वापरत नाही. प्रोग्राम लिहिणारे तो वापरतात, आपल्या मोठ्या प्रोग्रामात सुटा भाग म्हणून बसवतात. मळणी यंत्रातल्या बेअरिंगसारखं ते आहे. यंत्र कोणत्या कंपनीचं ते शेतकरी सांगतो, बेअरिंग कोणाचं ते त्याला ठाऊक नसतं. ते आवाज करायला लागलं की मग तो नाव विचारतो. 'पुढे' किती जणांनी नेला, कुठे बसवला, मला कधीच कळलं नाही. चालतंय म्हणून कोणी पत्र लिहीत नाही. बिघडलं की लिहितात.

पहिली तक्रार थंड प्रदेशातल्या एका मासेमारी खात्याच्या माणसाची होती. त्याने ई-मेलवर फार सभ्यपणे लिहिलं होतं की प्रोग्राम उत्तम आहे, पण तिसरं मिनिट पुरं होत आलं की तो स्वतःच फोन ठेवून देतो आणि पुन्हा लावतो. यामागचं शास्त्रीय कारण समजेल का?

कारण शास्त्रीय नव्हतं. आमच्याकडे फोनचं बिल तीन मिनिटांच्या हिशेबाने पडायचं. मिनिटं भरायच्या आत फोन ठेवायचा हे कार्यालयात, घरात, पीसीओत, सगळीकडे ठरलेलं. बोलता बोलता माणूस घड्याळाकडे पाहायचा आणि वाक्य अर्धवट टाकून "ठेवतो" म्हणायचा. प्रोग्राम लिहिताना मी तेच लिहिलं होतं. जगात फोन दुसऱ्या कोणत्या रीतीने वापरत असतील असा विचारच आला नव्हता. मी त्याला लिहिलं, ही स्थानिक सोय होती, पुढच्या आवृत्तीत ती ऐच्छिक केली जाईल. खाली सही केली, 'पुढे डेस्क'. ती सही आपोआप झाली. कार्यालयातून जाणाऱ्या कागदावर नाव घालायचं नसतं.

अशी बरीच पत्रं येत. एका दूरच्या बेटावरची परिचारिका मात्र लक्षात राहिली. तिच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता. हृदयाचा आलेख काढून ती उपग्रहाच्या फोनवरून मुख्य भूमीवरच्या डॉक्टरला पाठवायची, आणि कोणीतरी तिच्या यंत्रात 'पुढे' बसवून दिला होता. तिची पत्रं दोन ओळींची असत आणि त्यांत हवापाण्याची चौकशी नसे. मला ती आमच्या धंद्यातली वाटे.

आणि एक होता 'एसपी'. त्याच्या सहीत एवढी दोनच अक्षरं असत. त्याचं पहिलं पत्र तक्रारीचं होतं, पण सोबत दुरुस्तीही होती. माझी चूक कुठे आहे, ती का होते आणि कशी काढता येईल, हे त्याने मोजक्या इंग्रजीत लिहिलं होतं. दुरुस्ती बरोबर होती. नंतर तो लिहीत राहिला. मी लिखाणातला एखादा भाग बदलला की तो दुसऱ्या दिवशी विचारी, हे असं का केलं. खरं कारण सांगितल्याशिवाय तो सोडत नसे. माझी बातमी कोणी अशी वाचली नव्हती. त्याच्या पत्रांवरून तो भारतातला आहे एवढं कळे. हैदराबाद किंवा पुणे असावं असं मी धरून चाललो. वैयक्तिक काही त्याने लिहिलं नाही, मीही नाही. काही वर्षं अशी गेली. वसमतच्या खोलीत दिवसाला वीस माणसं येत असतील; सत्काराची बातमी लावा, निवेदन छापा, फोटो मोठा घ्या. ज्याच्याशी कामाचं बोलता येई असा माणूस तो एकच होता, आणि तो कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

दोन हजारनंतरच्या वर्षांत भारनियमन वाढलं. एका उन्हाळ्याच्या तोंडावर परिचारिकेचं पत्र आलं. एका रुग्णाच्या आलेखातला मधला तुकडा पोहोचलाच नव्हता. प्रोग्रामने मात्र सगळं पोहोचल्याचं सांगितलं होतं. डॉक्टरने शंका येऊन पुन्हा मागवला म्हणून कळलं. तिने लिहिलं होतं, 'आमच्याकडे जनरेटर बंद पडत राहतो. दुसरं साधन नाही. कृपया लवकर.'

तुकडा गाळला जाणं ही या धंद्यातली सर्वांत वाईट चूक. लाइन तुटलेली निदान दिसते. गाळलेला तुकडा दिसत नाही. मी दिवसभर शोधलं, सापडलं नाही. एसपीला लिहिलं. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, कारणासह. 'पुढे' आपली खूण लिहीत असतानाच वीज गेली तर खूणच अर्धवट लिहिली जाते. वीज आल्यावर प्रोग्राम ती अर्धी खूण खरी मानतो आणि चुकीच्या जागेपासून पुढे जातो. उपाय असा: खुणा दोन ठेवायच्या, आलटून पालटून लिहायच्या, एक बिघडली तर दुसरी शाबूत असते. त्याने अर्धी दुरुस्ती जोडली होती आणि लिहिलं होतं, 'उरलेलं उद्या. ते आल्याशिवाय हे वापरू नका.'

मी परिचारिकेला कळवलं, दुरुस्ती होत आहे.

उद्या आलं नाही. आठवडा गेला. मी दोनदा लिहिलं. उरलेला भाग स्वतः लिहायचा प्रयत्न केला. माझ्या हातून तो अधिक बिघडला. परिचारिकेने एकच ओळ पाठवली, 'काही बातमी?' महिना उलटला. वसमतेत हळद शिजवायला सुरुवात झाली, सगळ्या गावाला तो ओला, मातकट वास. मी रोज सकाळी टपाल उघडत होतो आणि एसपीकडून काही नसायचं.

तो मेला असेल, नोकरी बदलली असेल, कंटाळला असेल. अशा धंद्यात माणूस गेला तर कळवायला कोणी नसतं.

आमच्या पानावर दर आठवड्याला भारनियमनाचं वेळापत्रक यायचं. कोणत्या गावाची वीज कोणत्या वेळी जाणार, याची यादी वीज कार्यालयातून येई आणि ती मी टाइप करी. फार कंटाळवाणं काम. पण ती एक चौकट चुकली तर वाचक अग्रलेखापेक्षा जास्त शिव्या देत. त्या दिवशी टेबलावर एकीकडे ती यादी होती आणि दुसरीकडे एसपीने आजवर दुरुस्त्यांसोबत पाठवलेल्या नोंदी. प्रोग्राम केव्हा सुरू झाला, केव्हा खंड पडला, केव्हा पुन्हा जोडला, हे 'पुढे' स्वतः लिहून ठेवतो. देशोदेशींचे लोक वापरतात म्हणून त्या नोंदी ग्रीनिचच्या वेळेत असतात. आपली वेळ काढायला साडेपाच तास मिळवायचे.

मी आखाडा बाळापूरची ओळ टाइप करत होतो. सकाळची वेळ लिहिली, दुपारची लिहिली, आणि थांबलो. एसपीच्या शेवटच्या नोंदीत खंड त्याच वेळी पडले होते. साडेपाच तास मिळवून पुन्हा पाहिलं. मग जुन्या अंकांच्या फायली काढल्या. वेळापत्रक बदललं की नोंदींतले खंडही त्याच आठवड्यात सरकलेले. एकदा उपकेंद्रातल्या बिघाडामुळे बाळापूर दिवसभर अंधारात होतं, ती बातमी आम्ही छापली होती. त्या तारखेला एसपीच्या नोंदीत काहीच नव्हतं.

हैदराबाद नव्हे, पुणे नव्हे. तो बाळापूर फीडरवर, म्हणजे त्या गावाला वीज देणाऱ्या वाहिनीवर होता. माझ्या बसस्थानकावरून तिथे थेट गाडी जात होती, आणि आम्ही एकमेकांना इंग्रजीत लिहीत होतो.

दुसऱ्या दिवशी बाळापूरच्या गाडीत बसलो. कुरुंद्याच्या पुढे दोन्ही बाजूंना अंगणांत हळद वाळत घातलेली. बाळापुरात रस्त्याचं काम चाललं होतं, धुळीने दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. स्थानकावर आमच्या पेपरचे एजंट सय्यदभाई भेटले.

"खिल्लारे साब, आज खुद आले? काय तकलीफ झाली?"

"तकलीफ नाही. इथे कॉम्प्युटरवर काम करणारा कोणी आहे का? घरी बसून?"

"एक हाय. पोलेचा सोपान. हैदराबादला होता मोठ्या कंपनीत. बापाला लकवा मारला म्हणून वापस आला. लोक म्हणून राहिले का, कंपनीनं काढलं अन् तोंड लपवून बसला."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणू? रोज पेपर घेतो अन् शेवटच्या पानापरेंत वाचतो. असं गिऱ्हाईक दुसरं न्हाई."

सोपान पोले. एसपी.

घर गावाच्या टोकाला. दारात शेळ्या, आत खाटेवर म्हातारे वडील. आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोन पायजे?"

"सोपान पोले."

"कंपनीतून आलात का?"

"नाही. वसमतहून."

"मंग काहून आलात?"

मी म्हटलं, "आमचा पत्रव्यवहार आहे."

तिने आत तोंड करून हाक दिली, "सोपान, तुला कागदं लिवनारा आलाय बग."

"मला कोन कागद लिवतंय, माय?" असं म्हणत तो बाहेर आला. तिशीचा, बारीक, चष्मा, खांद्यावर टॉवेल.

मी म्हणालो, "पुढे डेस्क."

मग त्याने माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "बाकीचे कुठंयत?"

"बाकी कोणी नाही."

"म्हंजे आज तुमी एकलेच आलात."

"पहिल्यापासून मी एकटाच आहे."

त्याने मला बसायला घोंगडी टाकली. आईने चहा ठेवला. त्याला वाटलं होतं पुण्यात कार्यालय असेल, पाच-सहा जण तरी असतील. मी त्याला नोंदी आणि वेळापत्रक दाखवलं. त्याने दोन्ही कागद शेजारी धरून साडेपाच तास तोंडातल्या तोंडात मिळवले.

"म्हंजे लाइट गेली म्हणून मी सापडलो."

"हो."

"आन् फोन गेला म्हणून हरवलो." त्याने कोपऱ्यातल्या टेलिफोनकडे बोट केलं. "रस्त्याच्या कामात केबल तोडली. अर्ध्या गावाचा फोन मेलाय. तुमच्या पेपरातबी आलतं. तीन ओळी."

त्या तीन ओळी मला आठवल्या. वार्ताहराने दीड पान लिहिलं होतं. त्यात कोणाचं काय अडलं तेही होतं; मी ते काढून 'ग्राहकांची गैरसोय' असं केलं होतं. तसं सांगितलं. तो म्हणाला, "बराबर हाय. जागा नसती."

हैदराबादच्या कंपनीचं काम तो याच तारेवरून करायचा, 'पुढे' वापरून. फोन मेल्यावर कंपनीने थोडी वाट पाहिली आणि दुसरा माणूस घेतला.

"तुम्ही नांदेडला जाऊन मला एक मेल तरी टाकायची होती," मी म्हणालो.

"कंपनीसाठी गेलतो की दोन येळा. तुमाला काहून टाकू? डेस्क म्हणल्यावर तितं माज्यासारके चार बसले आसतील, कोनीतरी उरकून टाकलं आसंल, असं वाटलं. एक मानूस गेला म्हणून डेस्क थांबतंय का?"

"थांबलंय."

परिचारिकेची ओळ मी त्याला दाखवली. ती त्याने दोनदा वाचली. मग उठून संगणकावरचं फडकं काढलं.

उरलेली दुरुस्ती त्याच्याकडे तयार होती. महिन्याभरापासून पडून. त्याने ती प्लग उपटून पुष्कळदा तपासली होती. पण प्लग उपटला की वीज एकदम जाते. खरी लाइट जाताना आधी दिवा पिवळा पडतो, पंखा मंदावतो, संगणक अर्धवट जिवंत राहतो, आणि खूण नेमकी तेव्हाच बिघडते. खऱ्या भारनियमनात तपासल्याशिवाय ती द्यायची नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते मान्य होतं. न तपासलेली बातमी मीही सोडत नसे.

वेळापत्रकाप्रमाणे दुपारी वीज जायची होती. आम्ही प्रोग्राम चालू केला, एका डिस्कवरून दुसरीकडे तुकडे जायला लागले, आणि दोघे पंख्याकडे पाहत बसलो. वेळ झाली. पंखा फिरत राहिला. अर्धा तास गेला. सोपानची आई दोनदा येऊन पाहून गेली.

"काय बघून राहिले वर?"

"लाइट जायची वाट पाहून राहिलो, माय."

"जन्मभर येयाची वाट पाहिली. आता जायाचीबी पाहा."

खाटेवरच्या वडिलांना हसू आलं, अर्ध्या तोंडाने. सोपान मला म्हणाला, "वेळापत्रक तुमीच छापता ना?"

"यादी वीज कार्यालयाची असते."

"पेपरवाल्याचं हे बरं असतं."

त्या दुपारी आम्ही बरंच बोललो असं वाटेल. तसं झालं नाही. दोन खुणांपैकी नवी कोणती हे प्रोग्रामने कसं ओळखायचं यावर बोललो. ते संपल्यावर पुन्हा पंख्याकडे पाहत बसलो. पत्रात सुचायचं ते समोर बसून सुचत नव्हतं. तो मला 'साहेब' म्हणत होता, पत्रात कधी म्हणाला नव्हता.

वीज गेली ती परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ होत आल्यावर. दिवा पिवळा पडला, पंखा रेंगाळला, संगणकाचा पडदा लहान होत विझला. आता वीज येईपर्यंत खूण शाबूत आहे की नाही ते कळणार नव्हतं, आणि ती यायला तीन तास होते. सोपानने दुरुस्तीची फ्लॉपी माझ्या हातात दिली. "बराबर चाललं तर उद्याच्या लिफाफ्यात कळवतो. न्हाई चाललं तर ही फेकून द्या." मी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि गाडीभर खिशावर हात धरून आलो.

दुसऱ्या दिवशी बाळापूरच्या कंडक्टरने लिफाफा दिला. आत ग्रामसभेची बातमी, एका मोटारसायकलच्या अपघाताची बातमी, आणि तिसऱ्या कागदावर एक शब्द: 'बराबर.'

मी दुरुस्ती चढवली, परिचारिकेला कळवलं. तिचं उत्तर आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला, आलं नाही. म्हणजे चाललं.

फोन बंद असल्याची बातमी मी पुन्हा मागवली आणि या वेळी कमी न करता लावली. अडलेल्यांत सोपानचाही उल्लेख होता, नाव न घालता. महिन्याभरात केबल जोडली गेली. बातमीमुळे की रस्त्याचं काम पुढे सरकल्यामुळे, सांगता येणार नाही. हैदराबादची नोकरी मात्र परत मिळाली नाही. तो गावातल्या शाळेत काही दिवस संगणक शिकवत होता.

फोन पुन्हा सुरू झाल्यावर त्याचं पहिलं पत्र इंग्रजीतच आलं. सुरुवातीला 'प्रिय डेस्क', मग दोन खुणांच्या पद्धतीतली एक बारीक त्रुटी. भेटीचा उल्लेख नव्हता. मी उत्तर इंग्रजीत दिलं, त्यातही नव्हता. फक्त खाली माझं नाव लिहिलं. ते लिहायला बराच वेळ लागला. पुढच्या पत्रातही त्याने 'प्रिय डेस्क'च लिहिलं. ते तसंच राहिलं.

आम्ही पुन्हा भेटलो नाही. थेट गाडी होती. तो एकदा हळदीच्या बाजारात वसमतेला येऊन गेल्याचं मला सय्यदभाईंकडून कळलं. त्या दिवशी मी कार्यालयातच होतो.

मग वसमतेत जलद इंटरनेट आलं. नांदेडला पान पाठवायला 'पुढे'ची गरज उरली नाही. कार्यालयातून मीच तो काढून टाकला. सोपानचे वडील गेले. काही महिन्यांनी आई त्याच्या मोठ्या बहिणीकडे राहायला गेली आणि सोपान बाहेर पडला, हेही सय्यदभाईंनीच सांगितलं. कुठे गेला ते त्यांना माहीत नव्हतं. "मोठ्या जागी गेला म्हणतेत. पेपर बंद केला त्यानं."

माझ्या निवृत्तीच्या सुमारास त्याचं एक पत्र आलं. 'प्रिय डेस्क, नवी आवृत्ती इथे तपासली. ठीक चालते.' बिघडलेलं काही नव्हतं. काही बिघडलेलं नसताना या प्रोग्रामबद्दल कोणी लिहिल्याचं दुसरं उदाहरण माझ्याकडे नाही. कुठून लिहितोय ते त्याने लिहिलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. सोबत नोंद जोडलेली होती.

मी ती कागदावर काढली, सवयीने प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवले आणि खंड शोधत खाली गेलो. एकही नव्हता. पाठवणं सुरू झालं होतं आणि पाठवणं संपलं होतं. तो कुठे आहे, ते मला ओळखता आलं नाही.